पाळी गेल्यानंतर हार्मोन घेताय? डोस कसा बसला, काय त्रास झाला, अनुभव लिहा

शेवंती
परवा डोंबिवली लोकलला, भर जानेवारीत, समोरच्या बाईंनी पर्समधून बॅटरीवरचा छोटा पंखा काढून मानेशी धरला. शेजारची कॉलेजची मुलगी बघतच राहिली. मला एकदम आई आठवली. ४७-४८ची असेल तेव्हा. रात्री उठून मोरीच्या गार फरशीवर पाय ठेवून बसायची. विचारलं तर "काही नाही गं, उकडतंय." सगळी वर्षं तिने अंगावर काढली. यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं हेच तिला कोणी सांगितलं नाही.

मी गेले, म्हणून लिहितेय. आधी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं बघितलं. मग इस्ट्राडायॉल व्हॅलरेटची (म्हणजे इस्ट्रोजेनची) २ मिलिग्रॅमची गोळी आणि महिन्यातले ठरावीक दिवस डायड्रोजेस्टेरॉन, हे प्रोजेस्टेरॉनसारखं. वाफा, म्हणजे अंगात एकदम उसळणारी उष्णता, हळूहळू गेल्या, झोप आली, घरातल्यांवर ओरडणं थांबलं. पण छाती अशी ठणकायला लागली की जिना उतरताना हात छातीशी धरून उतरायचे. डॉक्टरांनी १ मिलिग्रॅमवर आणलं. छाती शांत झाली आणि पहाटे तीनचा घाम परत आला! शेवटी गोळी बंद करून जेल दिलं. आधी एक पंप, मग दोन, आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. आता बरं चाललंय.

ब्लाउजला शिंपी दोनदा फिटिंग बघतो, मग हे तर औषध आहे. पहिला डोस बसला नाही म्हणजे "मला हार्मोन सोसत नाहीत" असं नसतं. आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन महिने द्यावे लागतात, ते फार जड जातं. तुमचं कसं जमलं? गोळी, जेल, पॅच काहीही. ज्यांनी नको म्हटलं त्यांनीही लिहा.

ओवी७४
छातीचं अगदी अगदी. माझं मात्र पोट फुगायचं, संध्याकाळी परकराची नाडी सैल केल्याशिवाय बसवायचं नाही. आणि उगाच रडू. डॉक्टर म्हणाल्या की हा इस्ट्रोजेनचा नाही, दुसऱ्या गोळीचा प्रताप. ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची, प्रोजेस्टेरॉनचा कृत्रिम प्रकार. ती बदलून मायक्रोनाइज्ड (बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन दिलं, रडू थांबलं. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

नागपूरकरीण
आमच्याकडे मे महिन्यात वाफ कुठली आणि ऊन कुठलं तेच समजत नाही 😀 ४५ डिग्रीत कूलरसमोर बसूनही घामाच्या धारा. मी डोस वाढवून मागितला तर डॉक्टर म्हणाल्या, पाऊस लागू द्या मग बघू. जून सरता सरता आपोआप बरं वाटलं. डोस तोच राहिला. बरं झालं थांबले.

लीड्सवाली
मी पॅचवाली. आठवड्यातून दोनदा बदलायचा, कमरेच्या खाली किंवा पोटावर, छातीजवळ अजिबात नाही. दर वेळी जागा बदलायची, नाहीतर लाल चौकोन उठतो आणि खाजतो. ५० मायक्रोग्रॅमवर सांधे आणि झोप सुधारली, पण डोक्यात धुकं तसंच. ७५ केलं आणि मधेच अंगावरून जायला लागलं. स्कॅन झालं, गर्भाशयाचं अस्तर ठीक निघालं, तरी प्रोजेस्टेरॉन वाढवून दिलं. इस्ट्रोजेन वाढवलं की दुसरं पुरेसं आहे ना ते बघावंच लागतं हे तेव्हा समजलं.

इकडे इंग्लंडमध्ये एक सोय चांगली आहे. एप्रिल २०२३पासून एचआरटीच्या (पाळी गेल्यावर हार्मोन भरून देण्याच्या) औषधांसाठी वर्षाचं एकच प्रमाणपत्र काढता येतं, मग दर चिठ्ठीचे वेगळे पैसे नाहीत. आणि ४५च्या वर असाल, लक्षणं स्पष्ट असतील, तर निदानासाठी रक्ताची तपासणी करतच नाहीत. आईला पुण्यात सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, "तपासणी नाही म्हणजे कसला डॉक्टर?"

नागपूरकरीण
@लीड्सवाली आई बरोबर बोलल्या 😀 थंडी किती आहे गं सध्या तिकडे? भाचा शेफील्डला आलाय, जाकीट नीट घेतलंय की नाही देव जाणे.

लीड्सवाली
@नागपूरकरीण शून्याच्या आसपास. त्याला सांगा थर्मल घाल, नुसत्या जाकिटाने भागत नाही. काही लागलं तर माझा नंबर द्या त्याला, मेसेज करते तुम्हाला.

मी_वसुधा
थायरॉइडवाल्यांनी हे वाचाच. माझी थायरॉक्सिनची गोळी वर्षानुवर्षं एका डोसवर स्थिर होती. इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली आणि परत थकवा, केस गळणं, थंडी वाजणं. सगळे म्हणाले मेनोपॉज, मेनोपॉज. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, आकडा वाढला म्हणजे थायरॉइड हार्मोन कमी पडतंय) करून घेतलं तर चांगलंच वर गेलेलं. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जातं, तिथे थायरॉइड हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, मग मोकळं हार्मोन कमी पडतं. जेल किंवा पॅच कातडीतून थेट रक्तात जातो, त्यात हे सहसा होत नाही. मला जेलवर आणलं आणि थायरॉक्सिन पुन्हा पहिल्या डोसवर आलं.

रक्ताच्या गुठळीचंही तसंच. गोळीने धोका थोडा वाढतो, कातडीवाटे योग्य डोसमध्ये तो वाढल्याचं दिसत नाही. वजन जास्त असेल, घरात कोणाला गुठळी झाली असेल, ऑरावाली मायग्रेन (आधी डोळ्यांपुढे चमक वगैरे येऊन डोकं दुखणारी) असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा. विचारतीलच असं नाही.

सांगलीची केमिस्ट
दुकान बंद करून लिहितेय. काउंटरवर रोज बघते म्हणून कळकळीने सांगते: बहिणीची चिठ्ठी घेऊन स्वतःसाठी गोळ्या नेऊ नका. बहिणीची गर्भपिशवी काढलेली असते, म्हणून तिला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. तुमची पिशवी जागेवर असेल तर नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत जातं, पुढे कॅन्सरचा धोका. प्रोजेस्टेरॉन असतं ते अस्तराला आवर घालायला. बायका नेमकी तीच गोळी सोडतात, कारण पोट फुगणं, सुस्ती, उदासी तिनेच येते. सोडू नका, बदलून मागा.

सुरुवातीचे तीन-सहा महिने थोडं अंगावरून जाऊ शकतं. त्यानंतर गेलं, किंवा पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी सोनोग्राफी. "उष्णता झाली असेल" म्हणून गुलकंद खात बसायचं नाही.

ओवी७४
कुकर उतरवला. केमिस्टताईंना +१. गुलकंद माझ्या सासूबाईंनी खरंच दिला होता.

सदाशिव_पेठी
मी नवरा आहे, चालेल ना? बायकोला ती रात्रीची कॅप्सूल सुरू झाल्यापासून सकाळी फार सुस्ती असते. सहाला उठून डबे करणारी बाई भिंतीला धरून चालते. ती कोणाला काही बोलत नाही, मला बघवत नाही. काय करावं?

शेवंती
@सदाशिव_पेठी चालेल काय, धावेल. विचारलंत हे फार बरं केलंत. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घेतात का? भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते, मग झोपही जास्त येते. मला जेवणानंतर मध्ये अंतर ठेवून, झोपायला जाताना घ्यायला सांगितलंय. तरीही भिंत धरावी लागत असेल तर चक्कर, बीपी बघून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, तीच कॅप्सूल योनीमार्गातूनही घेता येते. माझ्या जावेला तसं दिलंय, सकाळची गुंगी गेली. आणि तोवर डबे तुम्ही करा बरं.

सदाशिव_पेठी
जेवल्या जेवल्या घेते. बोलतो. डबे सोमवारपासून माझ्याकडे, पोळ्यांना बाई लावतो.

जाई
मला हार्मोन घेता येत नाहीत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, आणि त्यानेच वाफा येतात. केमोने पाळी एका झटक्यात गेली. सुरुवातीला असे धागे वाचले की खूप एकटं वाटायचं, म्हणून लिहिते. आपल्यासाठीही औषधं आहेत. मला व्हेन्लाफॅक्सिन कमी डोसमध्ये दिलं, ते मुळात उदासीचं औषध, पण वाफा निम्म्यावर आल्या. पहिला आठवडा मळमळ आणि तोंडाला कोरड होती, मग गेली. एक लक्षात ठेवा, पॅरॉक्सेटिन वाफांवर चालतं पण टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतं. म्हणून दुसऱ्या कोणी काही लिहून दिलं तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मी_वसुधा
जाई, मिठी गं. किती नीट लिहिलंस.

नागपूरकरीण
जाई 🙏 लिहीत राहा गं इथे.

गोदाकाठ
आमच्या बीडकडचं कोणीच लिहीना म्हणून लिहिते. मी गावात आरोग्याचं काम करते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, खाडा झाला तर पैसे कापतात. पाळीत, पोट दुखतंय म्हणून घरी बसायची सोय नाही. अंगावर पांढरं जातंय एवढ्यावरून बायांच्या पिशव्या काढल्या. २०१९ला सरकारची समिती बसली होती, ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया!

ज्यांच्या पिशवीबरोबर अंडाशयपण गेलं त्यांना वाफा, धडधड, हाडं दुखणं एका रात्रीत सुरू होतं. पन्नाशीच्या बाईला हळूहळू येतं ते यांना धाडकन. एवढ्या लहान वयात हार्मोन गेलं तर, दुसरी अडचण नसली तर, निदान नेहमीच्या पाळी जायच्या वयापर्यंत ते भरून द्यायला पाहिजे, नाहीतर हाडं आणि काळीज दोन्ही लवकर थकतात. डोसपण जरा जास्त लागू शकतो. पण आमच्या बायांना कॅल्शियमची गोळी मिळते, हार्मोनचं नाव कोणी काढत नाही. पिशवी काढली त्या कागदावर अंडाशय ठेवलं का काढलं ते लिहिलेलं असतं, मी प्रत्येकीला तो कागद शोधायला लावते. कितीजणींकडे कागदच नाही. तुम्ही डोस कमी-जास्त करायच्या गोष्टी करता, वाचून बरं वाटलं, आमच्याकडंपण पोचाव्यात.

शेवंती
@गोदाकाठ तुम्ही लिहिलंत त्याने धागा सार्थकी लागला. साध्या मराठीत एक पान तयार करू या का? सांगलीच्या ताई, तुम्ही तपासून द्याल?

सांगलीची केमिस्ट
देते. पण शेवटचा हात गायनॅक डॉक्टरांचा हवा. माझ्या ओळखीच्या आहेत, विचारते.

न्यूजर्सीची_भाची
माझी मावशी इथे हार्मोनवर उत्तम होती. जुलै २००२मध्ये पाळी गेलेल्या बायकांना हार्मोन देऊन चाललेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचा (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) एक भाग मधेच थांबवला, टीव्हीवर दिवसभर कॅन्सर कॅन्सर. तिच्या डॉक्टरने फोनवर गोळ्या बंद करायला सांगितल्या. परत घाम, निद्रानाश, मग पडली आणि मनगट मोडलं. आता आकडे वाचले तर राग येतो. त्यात बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषध घोडीच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन, आणि स्तनाचा कॅन्सर वाढला तो वर्षाला १० हजार बायकांमागे ८ने. पिशवी नसलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तो वाढलाच नाही. धोका शून्य आहे असं नाही म्हणत मी. पण ६०च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त. २०२५च्या नोव्हेंबरात इथल्या औषध प्रशासनाने हार्मोनच्या पाकिटावरच्या धोक्याच्या ठळक इशाऱ्यांतले बरेचसे काढायचं जाहीर केलं. मावशी ते बघायला नाही.

म्हापशाची
सगळ्याजणी वाफांचंच लिहितात, खालच्या कोरडेपणाचं कोणीच नाही. मला लघवीचं इन्फेक्शन वारंवार, अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी एस्ट्रिऑलचं (सौम्य इस्ट्रोजेनचं) क्रीम दिलं, आत लावायचं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी नगण्य जातं. थोडे दिवस आग झाली, तेवढंच. आता बसचा लांबचा प्रवास करते, पाणी पिते, भीती नाही. नवऱ्याशी जवळीक हाही विषय आहे हो, लिहायला लाजू नका.

ओवी७४
@म्हापशाची धन्यवाद, हे मला विचारायचंच होतं. उद्याच जाते.
बाय द वे, रात्री घालायला मलमलचे गाऊन कुठे मिळतात? कॉटन म्हणून विकतात आणि घामाने चिकटतात.

सांगलीची केमिस्ट
जुन्या मऊ साड्यांचे शिवून घ्या. माझे सगळे आईच्या साड्यांचे आहेत.

ओवी७४
वा! आईच्या इरकली आहेत, पण कापवणार नाहीत. सासूबाईंच्या सुती बघते.

आजी_नवी
जेल दंडाला लावते. नात आठ महिन्यांची, सारखी अंगावर. तिला लागलं तर? आणि आंघोळ कधी करायची?

शेवंती
@आजी_नवी आंघोळ करून, अंग कोरडं करून मग लावा. वाळायला पाचेक मिनिटं द्या, हात साबणाने धुवा, नंतर तासभर तरी तो भाग धुवायचा नाही. बाळाच्या कातडीला लागता कामा नये. माझ्या डॉक्टरांनी मांडीच्या आतल्या बाजूला लावायला सांगितलंय, तुमच्याही जेलला ती जागा चालते का ते पाकिटातल्या कागदावर बघा. दंडालाच लावायचं असेल तर वाळल्यावर बाही खाली ओढून मगच नातीला घ्या.

आजी_नवी
मांडीच बरी. ती बाही चोखते.