पीयूषिकेच्याही वर कोणीतरी आहे

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला 'सगळ्या ग्रंथींची राणी' म्हणतात, कारण तिची हॉर्मोन्स (रक्तातून जाणारे रासायनिक निरोप) इतर ग्रंथींना कामाला लावतात. पण ते अर्धंच खरं. तिच्याही डोक्यावर मेंदूतला हायपोथॅलॅमस बसलेला असतो. थायरॉइडचंच बघा ना. हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचं हॉर्मोन सोडतो, त्याने पीयूषिका टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन सोडते, मग गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी४ आणि थोडं टी३ ही आपली हॉर्मोन्स बनवते. रक्तात ही दोन पुरेशी झाली की वरच्या दोघांचा जोर आपोआप ओसरतो. म्हणूनच थायरॉइड मंदावली की रिपोर्टमध्ये टीएसएच उलट वाढलेला दिसतो आणि पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. (बिघाड पीयूषिकेतच असेल तर हा हिशोब चालत नाही.)

इन्सुलिनला मात्र या साखळीची गरज नाही. तिथे मुख्यतः रक्तातली साखरच स्वादुपिंडाला थेट हुकूम देते.

शिवाय हॉर्मोन्स फक्त नावाजलेल्या ग्रंथींतच बनतात असंही नाही. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये शोधलेलं सिक्रेटिन हे पचनाला मदत करणारं हॉर्मोन लहान आतड्याच्या अस्तरातून येतं. मूत्रपिंडं तांबड्या रक्तपेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन बनवतात, चरबीच्या पेशी भूक आवरणारं लेप्टिन. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणारं एएनपी नावाचं हॉर्मोन तर मूत्रपिंडांना जास्त सोडियम बाहेर टाकायला लावतं. ग्रंथींच्या यादीत हृदयाला सहसा कोणी धरत नाही, हा भाग वेगळा.