परिनिरीक्षण, प्रमाणन की सेन्सॉर?

प्रश्न : नाटकवाले ‘सेन्सॉरसंमत’ म्हणतात, नाटकाची संहिता तपासणाऱ्या मंडळाच्या नावात ‘परिनिरीक्षण’ आहे, तर चित्रपटाला ‘प्रमाणन’ लागते. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे धरावेत काय?

उत्तर : माझ्या मते धरू नयेत. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर हा अधिकारी नागरिकांची व त्यांच्या मालमत्तेची नोंद ठेवी आणि त्यांच्या वर्तनावरही लक्ष ठेवी. ‘सेन्सस’ हा शब्दही त्याच कुळातला. कोशात ‘अभ्यवेक्षण’ असा भारदस्त प्रतिशब्द सापडतो, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही. ‘परिनिरीक्षण’ म्हणजे सर्व बाजूंनी बारकाईने पाहणे. पाहून झाल्यावर ‘हे वाक्य गाळा’ असे सांगण्याचा अधिकार या शब्दात कोठेच दिसत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तेथे आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ‘सखाराम बाइंडर’चा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो काही नुसत्या पाहण्यावरून नव्हे.

चित्रपट मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ १९८३ साली गेला आणि ‘प्रमाणन’ आले, तरी १९५२ च्या कायद्याने दिलेली कात्री मंडळाच्या हातातच राहिली. चित्रपटगृहात सुरुवातीला काही क्षण जे प्रमाणपत्र दिसते, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण काढलेला असेल, तर चित्रपटातील काही भाग वगळला आहे असे समजावे. तो त्रिकोण म्हणजे सेन्सॉर. शेजारचे ‘यूए’, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा शेरा, हे प्रमाणन. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले, ते मला पालकांच्या दृष्टीने उपयुक्त वाटतात.

प्रश्न : मग सर्वांसाठी ‘नियमन’ म्हटले तर?

उत्तर : नियम आधी ठाऊक असतील आणि ते पाळण्याची जबाबदारी प्रथम निर्मात्याची असेल, तेथे ‘नियमन’ शोभतो. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील मालिकेचा वयोगट ते व्यासपीठ स्वतःच ठरवते. मालिका आधी कोणत्याही मंडळाला दाखवावी लागत नाही. तीच गोष्ट चारशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात सांगायची झाल्यास संहितेवर शिक्का लागतो. अशा व्यवस्थेला नियमन म्हणणे मला पटत नाही. तेथे मी ‘सेन्सॉर’च लिहितो.