रुसणे आणि रागावणे

प्रश्न

इतकी वर्षं माझं वाचन म्हणजे इतिहास, चरित्रं, फार तर अर्थकारण. प्रेमकथांतून हाती काही लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. गेल्या महिन्यात मावशीने स्वतःच्या कपाटातल्या तीन प्रेमकादंबऱ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "नावं ठेवायची तर वाचून ठेव." सध्या दादर ते बोरिवली लोकलमध्ये वाचतोय.

एका प्रसंगात नायिका दोन कप चहा करते. त्याचा कप ओट्यावरच ठेवते, हाक मारत नाही आणि आपला घेऊन गॅलरीत जाते. लेखिकेने लिहिलंय, "ती रुसली होती." मी असतो तर "रागावली होती" लिहून मोकळा झालो असतो. मग वाटलं, तसं लिहिलं असतं तर त्या दुसऱ्या कपाचं काय? या दोन शब्दांत नेमका फरक काय?

उत्तर

कप तिने केला, यातच उत्तर आहे. रागावता कोणावरही येतं: रिक्षावाल्यावर, साहेबावर, सरकारवर. रुसायला माणूस आपलं लागतं. साहेबावर कोणी रुसत नाही. रुसलाच, तर त्या दोघांत काहीतरी जिव्हाळा आहे असं ऐकणारा समजतो.

वाक्यरचनाही बघा. "मला राग आला" म्हणतो, "मला रुसवा आला" म्हणत नाही. राग येतो आणि आपसूक जातोही. रुसवा धरायचा असतो, आणि तो दुसऱ्याने काढायचा असतो. समजूत काढणारं कोणी नसेल तर रुसण्याला अर्थच उरत नाही.

आणखी एक

व्युत्पत्ती पाहिली तर मौज आहे. "राग" संस्कृत रञ्ज् धातूपासून, म्हणजे रंगणे. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, आसक्ती, प्रेम; "अनुराग"मध्ये तो अजून शिल्लक आहे. "रुसणे" रुष् धातूचं, "रोष" आणि "रुष्ट" यांच्या कुळातलं. म्हणजे प्रेमाच्या घरचा शब्द मराठीत संतापाकडे गेला आणि संतापाच्या घरचा प्रेमाकडे आला! संस्कृत काव्यशास्त्रात या रुसण्याला "मान" म्हणतात, रुसलेली ती "मानिनी". लग्नातल्या मानपानावरून रुसणारे व्याही आठवा, धागा लगेच सापडेल.

आणि प्रेमकथांचं म्हणाल, तर "कादंबरी" हा शब्दच मुळी एका नायिकेचं नाव आहे. बाणभट्टाने सातव्या शतकात तिच्यावर जी प्रेमकथा लिहिली, तिच्यावरून आपण या सगळ्या साहित्यप्रकाराला नाव दिलं. तुमची ऐतिहासिक कादंबरीसुद्धा त्याच नावाने कपाटात बसते.

एक शंका

मग "यंदा पाऊस रुसला" कसं? पाऊस काही नात्यातला नाही.

उत्तर

शेतकऱ्याला विचारा. पाऊस त्याचा आहे, म्हणून तर तो रुसतो. "लक्ष्मी रुसली"चंही तेच.

प्रश्नकर्ता

आज अंधेरी सोडली तेव्हा तो प्रसंग पुन्हा काढला. पुढच्या पानावर तो ओट्यावरचा गार चहा घेऊन गॅलरीत येतो, काही न बोलता तिच्या शेजारी उभा राहून पितो. मघाशी मी हे पान भरभर उलटलं होतं. "मनधरणी" हा शब्द लेखिकेने कुठेही वापरलेला नाही.