आधी आरएफआयडी की आधी नीट तालिका?

धागाकर्ता
१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली महाराष्ट्रातील हजारो ग्रंथालये परिरक्षण अनुदानावर चालतात. कार्यकारी मंडळाच्या सभेत आधुनिकीकरणाचा विषय निघाला, की चर्चा लगेच आरएफआयडी टॅग (पुस्तकावर चिकटवायची, रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिप), स्वयंसेवा यंत्र आणि दारातल्या सेन्सरच्या चौकटीवर जाते. माझ्या मते हाताशी असलेला पैसा आधी तालिकेवर, म्हणजे पुस्तके शोधण्याच्या यादीवर, खर्च व्हावा.

आमच्या वाचनालयाच्या संगणकीय यादीत 'कुसुमाग्रज', 'शिरवाडकर वि. वा.', 'शिरवाडकर, वि.वा.' आणि 'वि वा शिरवाडकर' असे चार वेगवेगळे लेखक सुखाने नांदत आहेत. एक नाव टाकले तर कविता सापडतात, दुसरे टाकले तर काही नाटके. उरलेली नाटके तिसऱ्या नावाखाली. भरीस भर म्हणजे युनिकोड येण्यापूर्वी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोंदी नव्या आज्ञावलीत उघडल्या, की पडद्यावर नुसता अक्षरांचा काला दिसतो. आज्ञावलीची अडचण नाही, कारण राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आहे आणि मुक्तस्रोत 'कोहा'ला परवाना शुल्क नाही. ग्रंथालय संचालनालयाने मराठी लेखकनामांची एकच प्रमाणित यादी करून दिली, तर प्रत्येक गावाने तेच नाव पुन्हा नव्याने चुकवण्याची गरज राहणार नाही.

तालुका ग्रंथपाल
रोगाचे वर्णन बरोबर आहे, पण कारण तुम्ही सोडून दिलेत. एक ग्रंथपाल, एक लिपिक आणि एक शिपाई एवढ्या बळावर सकाळ-संध्याकाळची देवघेव, वर्गणीच्या पावत्या, वर्तमानपत्रांच्या फायली आणि वार्षिक अहवाल सांभाळून हजारो नोंदी कोण करणार? मग नगावर दर ठरवून हे काम बाहेर दिले जाते. ज्याला नोंदीमागे पैसे मिळतात, तो मुखपृष्ठावर दिसेल ते टंकून पुढे जातो. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच हे तपासायला तो थांबत नाही, आणि त्याने का थांबावे? अनुदान दोन हप्त्यांत येते आणि तोवर आमचे तुटपुंजे वेतन अडते. प्रमाणित यादी आली तरी ती वापरणारा माणूस टिकला पाहिजे.

कार्यकारी मंडळ सदस्य
धागाकर्त्यांशी मी असहमत आहे. तालिका सांगते की आपण काय विकत घेतले. ते पुस्तक आज कुठे आहे, हे ती सांगत नाही. मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडणे) सुरू केल्यापासून आमच्याकडे वाचक पुस्तक चाळून भलत्याच फळीवर ठेवतात, त्यामुळे पडद्यावर 'उपलब्ध' दिसणारे पुस्तक सापडत नाही. साठा पडताळणीसाठी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवणारी वही) हातात घेऊन एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने खूण करायची आणि तेवढे दिवस वाचनालय बंद ठेवायचे, हे अजून किती काळ चालणार? टॅग असतील तर ते टिपणारे वाचकयंत्र फळीवरून फिरवून हेच काम फार लवकर उरकते.

धागाकर्ता
मोठ्या शहरी ग्रंथालयासाठी हे मान्य. परंतु टॅगमध्ये मुळात असतो तो एक क्रमांकच, आणि तो दाखल क्रमांक बारकोडनेही वाचता येतो. देवघेवीपुरता साधा स्कॅनर पुरतो. शिवाय आपल्याकडची कपाटे लोखंडी आहेत. धातूला खेटून उभ्या पुस्तकांचे टॅग वाचकयंत्राकडून सुटतात, हे विक्रेता प्रात्यक्षिकाच्या वेळी सांगत नाही, कारण प्रात्यक्षिक टेबलावर होते.

जुना सभासद
दोघेही गृहीत धरून चालला आहात की यंत्रणा चालूच राहील. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि तिची तालिका जानेवारी २०२४ मध्ये परत आली, तीही मर्यादित स्वरूपात. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्याकडे राखीव प्रत कोण ठेवतो? संगणक आला म्हणून तालिकापत्रांचे (पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे) खण रद्दीत घालण्याची जी घाई दिसते, तिला माझा ठाम विरोध आहे.

तालुका ग्रंथपाल
कागदावरच भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून पुस्तकांचे मोठे नुकसान झाले. नोंदवहीही त्याच इमारतीत असेल, तर नेमके काय गेले याची यादी कशावरून करायची? म्हणून नोंदींची एक प्रत गावाबाहेर हवी, आणि ती संगणकीयच असू शकते.

कार्यकारी मंडळ सदस्य
हे पटले. पुढच्या सभेत टॅगऐवजी बारकोड आणि राखीव प्रत यांचा ठराव मी मांडू शकेन, मात्र पडताळणीचा माझा प्रश्न त्याने सुटत नाही, हे इतिवृत्तात नोंदवून ठेवीन.

तालुका ग्रंथपाल
ठरावात आणखी एक ओळ घालावी : नोंदी सुधारण्याचे तास ग्रंथपालाच्या कामाच्या वेळेत धरले जातील की वाचनालय बंद झाल्यानंतरचे?