पत्रकार परिषद नक्की कुणाची?

शब्दवेडी: एक भाषांतर करतेय, त्यात एकाच वाक्यात प्रेस कॉन्फरन्स आणि प्रेस ब्रीफिंग दोन्ही आलंय. पहिल्याला पत्रकार परिषद लिहिलं, दुसऱ्याला काय लिहू? वर तपासणाऱ्या बाईंनी पत्रकार परिषदच खोडली, म्हणे ही तर पत्रकारांची संघटना झाली. मी लहानपणापासून पेपरात हेच वाचत आलेय!

टवाळ: बाईंचं अगदीच चुकलं नाही हो. मराठी पत्रकार परिषद नावाची संघटना खरंच आहे. त्यांनी उद्या पत्रकारांना बोलावलं तर 'मराठी पत्रकार परिषदेची पत्रकार परिषद'.

जुनंखोड: परिषद म्हणजे परि + सद्, भोवती बसणं. संसद, उपनिषद ही त्याच सद् ची भावंडं. विधान परिषद कायमची, गोलमेज परिषद तेवढ्यापुरती, दोन्ही चालतंच की. संघटना स्थापन करतात, ही 'घेतात', क्रियापदावरून कळतं.

टवाळ: गाडीत चढता चढता तोंडापुढे माईक धरतात त्यात कोण बसलेलं असतं?

कोरीपाटी: मला ते पत्रकार वार्ता जास्त खटकतं. हिंदीत वार्ता म्हणजे बोलणी, आपल्याकडे बातमी. मग पत्रकार वार्ता म्हणजे काय, पत्रकाराचीच बातमी? चॅनेलवाले सरळ उचलतात.

भटक्या: एवढं शुद्ध कशाला, प्रेस म्हणजे मुळात छापखाना, आता वेबसाइटवाले काही छापत नाहीत तरी प्रेसच, आणि पत्रकारातलं पत्र म्हणजे वर्तमानपत्र, टीव्हीवाले कुठलं काढतात? मी काही वर्षं डेस्कवर होतो, तिथे सगळे 'चारला पीसी (म्हणजे प्रेस कॉन्फरन्स) आहे' म्हणायचे आणि बातमीत मात्र 'ते पत्रकार परिषदेत बोलत होते'. विदर्भातल्या पेपरांत तर पत्रपरिषद.

जुनंखोड: पत्रपरिषद?? पत्रांची परिषद पोस्टात भरते का?

भटक्या: मग पत्रकार परिषद पत्रकारांची. म्हणजे बाईच बरोबर!

शब्दवेडी: अहो, ब्रीफिंग राहिलं...

कोरीपाटी: प्रश्न घेतले तर परिषद, नाही घेतले तर निवेदन. सोपंय.

टवाळ: या हिशोबाने निम्म्या परिषदा निवेदनंच निघतील.

शब्दवेडी: पण ब्रीफिंगमध्येही प्रश्न घेतात. माझ्या मजकुरात तर रोजचं आहे ते, प्रवक्ता येतो, माहिती देतो, विचारतील त्याची उत्तरं देतो.

कोरीपाटी: मग 'प्रवक्त्याने पत्रकारांना माहिती दिली' लिहा, नाम हवंच कशाला.

शब्दवेडी: तक्त्यातला मथळा आहे हो तो, नामच लागतं.

जुनंखोड: पत्रपरिषद मी तरी लिहिणार नाही.