आमचं जुनं घर पुन्हा विकायला निघालंय. तुमच्या वन बीएचकेचे अनुभव सांगा

तिसरा मजला
काल एजंटच्या ग्रुपवर फोटो आले. 'डोंबिवली पूर्व, फडके रोडपासून जवळ, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही.' ओट्याचा कडाप्पा कोपऱ्यात तुटलेला दिसला आणि माझा हात तिथेच थांबला. त्यावर वरवंटा माझ्याच हातून पडला होता. घर आम्ही २००४ मध्ये विकलं, तो कोपरा अजून तसाच.

सहा माणसं राहायचो. आजीची कॉट हॉलमध्ये. बाबा रात्रपाळीहून आले की बेडरूमचं दार लोटायचं आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी कुजबुजत बोलायचं. दहावीला त्यांनी गॅलरीला स्लायडिंग लावून मला एक फळी आणि स्टूल दिलं. जाहिरातीत तिला 'स्टडी रूम' म्हटलंय. बाबांनी हे वाचायला हवं होतं.

ठाकुर्लीकर
पाणी किती वाजता यायचं तुमच्याकडे? आमच्याकडे पहाटे साडेचार. आई पिंप भरून मगच पाठ टेकायची, तीही पंधरा मिनिटं.

मधली आळी
फडके रोडजवळ म्हणजे दिवाळीच्या पहाटे घरात पाय ठेवायला जागा नसणार! गणपती मंदिरात दर्शन, मग रस्ताभर मित्रमैत्रिणी, आणि पाणी प्यायला सगळे तुमच्याकडे 😀 १९९९ ला गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा आम्ही मावशीच्या गॅलरीतून पाहिली. लेझीम बघताना माझी नथ खाली पडली. सापडली बरं का, रांगोळीत.

निनाद_पश्चिम
घेणाऱ्यांनो, पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे मागा. आमच्या घराचा मधला एक करार हरवला होता, कर्ज दोन महिने अडलं. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, विकणाऱ्याचं नाव चढलंय का तेही बघा. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्स्फर प्रीमियम, म्हणजे घर नव्या मालकाच्या नावावर करायचे पैसे, जास्तीत जास्त २५,००० घेता येतो. आमच्याकडे 'ऐच्छिक देणगी' म्हणून लाख मागितला, आम्ही लेखी मागा म्हटलं, मग विषयच बंद. आणि कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं! जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा कळतं की ते झालेलंच नाही.

सायलीची आई
बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. कुकर झालाय, नंतर लिहिते.

मधली आळी
@निनाद_पश्चिम पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल बंद होता तेव्हा कसं केलंत हो?

निनाद_पश्चिम
२०१९ ते २०२१, दोन वर्षं ठाकुर्लीवरून वळसा. सासरे पूर्वेला एकटे. रोज डबा घेऊन स्टेशनच्या जिन्यावरून चालत जायचो. तेव्हा त्यांनी स्वतःहून म्हटलं, माझं घर विका आणि मला तिकडे न्या. आता त्यांची कॉट आमच्या हॉलमध्ये.

तिसरा मजला
बरं केलंत. आजी हॉलमध्ये होती म्हणून आम्हाला कधी कुलूप लावावं लागलं नाही.

ठाकुर्लीकर
आणि तो पाटावरवंटा?

तिसरा मजला
आत्याकडे, बदलापूरला. खोबऱ्याची चटणी अजून त्यावरच. पण गुळगुळीत झालाय, टाकी लावणारं कुणी सापडत नाही.

सायलीची आई
आले. आमच्या गल्लीत एक बाई येतात टाकी लावायला, पावसाळ्याआधी. थांबा, शेजारी विचारून सांगते.