बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास

काही जण म्हणतात की बाळ सुखरूप झालं की नर्सचं मुख्य काम संपलं, ते मला अजिबात पटत नाही, खरी पाळत तर तिथूनच सुरू होते. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी नाडी, बीपी बघायचं, बेंबीपाशी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट गोळा झालंय का चाचपायचं, मऊ लागलं तर लगेच चोळायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची, शिवाय पॅड किती भिजलंय तेही बघायचं कारण 500 मिलीच्या वर रक्त गेलं तर धोका असतो आणि पांघरुणाखाली ते कुणाच्या लक्षातही येत नाही. लघवी झाली का हे सारखं विचारतात ना, ते उगाच नाही, मूत्राशय भरलेलं असलं की गर्भाशय नीट आकसत नाही, मऊ राहतं आणि रक्त जास्त जातं. घरच्यांनीही सगळ्यांनी बाळाभोवतीच जमू नका, एकाने तरी आईजवळ थांबा प्लीज.